पिकअपला रिसीव्हर हिच कोणता बसवावा? ट्रेलर सात हजार पौंडांच्या घरातला

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. दोन उन्हाळे तंबूत काढले, आता ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं घरात नक्की झालंय. पसंत पडलेला ट्रेलर २७ फुटी, दोन अ‍ॅक्सलचा आहे. रिकामं वजन ५,९०० पौंड, आणि कंपनीने घालून दिलेली भरल्या वजनाची कमाल मर्यादा ७,६०० पौंड.

पिकअप अर्ध्या टनाच्या वर्गातला, क्रू कॅब, सेकंडहँड घेतलेला. ट्रेलरच्या दिव्यांचा सात पिनांचा सॉकेट आहे, ट्रान्समिशनचा कूलरही आहे, पण रिसीव्हर, म्हणजे चासीला बोल्टने बसणारी, बॉल लावायची चौकोनी नळी, नाही. आधीच्या मालकाला मागून कोणीतरी धडक दिली होती, तेव्हा वाकलेला रिसीव्हर काढला तो पुन्हा बसवलाच नाही. आता बंपरला बॉल लावायचं भोक तेवढं आहे.

हिचच्या दुकानात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "क्लास फाइव्ह घ्या, १७,००० पौंडांचा आहे, काहीही ओढा." क्लास फोर १०,००० चा. किमतीत फारसा फरक नाही. पिकअपच्या माहितीपत्रकात ओढण्याची क्षमता ९,२०० पौंड दिली आहे. म्हणजे ७,६०० काहीच नाही, असं मला वाटतंय. क्लास फोर घ्यावा की फाइव्ह? मुलं १२ आणि ९ वर्षांची आहेत, म्हणून नीट विचारून करतोय.

सह्यकडा

फाइव्ह घ्या. मजबूत घेतलेलं कधीही बरं. उद्या मोठा ट्रेलर घेतलात तर पुन्हा खर्च नको.

लोखंडीखिळा

डोंगरवाट, रिसीव्हरचा क्लास हा तुमच्या प्रश्नातला सगळ्यात सोपा भाग आहे. तो शेवटी ठरवा. आधी दोन गोष्टी करा.

ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा टायरचा स्टिकर असतो. त्यावर "माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त नको" असं लिहिलेलं असतं. तो तुमच्या गाडीचा पेलोड. माहितीपत्रकातला नाही, शेजाऱ्याच्या तशाच गाडीचा नाही, तुमच्याच गाडीचा. सनरूफ, मोठी चाकं, चारचाकी ड्राइव्ह, जे जे कारखान्यात चढलं ते सगळं वजा होऊन तो आकडा छापलेला असतो. नंतर तुम्ही बसवलेलं काहीही त्यातूनच वजा करायचं, आणि नवा रिसीव्हरसुद्धा त्यातच आला. तो ५० पौंडांच्या आसपास भरतो.

दुसरं, गाडीखाली आडवे व्हा आणि चासीच्या मागच्या दोन्ही तुळया पाहा. जिथे रिसीव्हरचे बोल्ट बसतात ती भोकं लांबट झाली आहेत का, तुळई कुठे चेपली किंवा ताणली गेली आहे का, वेल्डिंगची रेघ दिसते का. मागून बसलेल्या धडकेत रिसीव्हर वाकला असेल, तर तो जोर त्याने कुठेतरी पुढे दिलाच असणार. १७,००० चा रिसीव्हर वाकड्या तुळईला लावला तर त्या १७,००० ला काही अर्थ नाही. मी मिशिगनमध्ये आहे, इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि बाहेरून काळीभोर दिसणारी चासी आतून पापुद्र्यांसारखी सुटलेली मी हाताने खरवडून पाहिली आहे. कोलोरॅडोत गंज तितका नसतो, पण धडकेचं तुम्हाला पाहावंच लागेल.

आता क्लासबद्दल. क्लास वन आणि टू सव्वा इंची चौकोनाचे, कार आणि छोट्या एसयूव्हीसाठी. वन २,००० पौंडांपर्यंत, टू ३,५०० पर्यंत. थ्री आणि फोर दोन इंची. थ्री बहुतेक ८,००० पर्यंत, फोर १०,००० आणि काही ठिकाणी १२,००० पर्यंत. फाइव्ह दोन किंवा अडीच इंची, कंपनीप्रमाणे १७,००० ते २०,००० पर्यंत जातो. फोर्डच्या सुपर ड्यूटीत तर तीन इंचीही येतो. पण रिसीव्हरवर चिकटवलेली पट्टी वाचा, तिथे एक नाही, चार आकडे असतात. साध्या बॉलवर ओढलं तर इतकं एकूण वजन आणि इतकं टंग वेट (ट्रेलरच्या तोंडाचा बॉलवर पडणारा भार), वेट डिस्ट्रिब्युशन हिच (दांडे लावून तो भार पुढच्या आणि ट्रेलरच्या चाकांवर वाटणारा) लावून ओढलं तर इतकं. अर्ध्या टनाच्या कितीतरी पिकअपना कारखान्यातून आलेल्या रिसीव्हरवर साध्या बॉलने ५,००० आणि टंग वेट ५०० एवढंच लिहिलेलं असतं, आणि मोठे आकडे फक्त वेट डिस्ट्रिब्युशनसाठी. दुकानदार नेहमी मोठाच आकडा सांगतो.

आणि हे सगळं झाल्यावर साखळी पाहायची: गाडी, चासी, रिसीव्हर, बॉल माउंट (बॉल ज्यावर बसतो तो दांडा), बॉल, ट्रेलरचा कपलर (बॉलवर बसणारं तोंड). या सगळ्यांत जो आकडा लहान, तो तुमचा. क्लास फाइव्ह बसवल्याने पिकअप एक पौंडही जास्त उचलत नाही.

सह्यकडा

मान्य. पण जास्तीचा घेतल्याने तोटा तरी काय?

लोखंडीखिळा

दोन इंची फाइव्ह असेल तर वजनाचे काही पौंड, बाकी तोटा नाही. अडीच इंची घेतला तर मात्र दोन इंची बॉल माउंट बसवायला मध्ये लोखंडी बाही घालावी लागते. ती खडखडते, आणि साखळीत एक कडी वाढते. त्याहून मोठा तोटा मनात होतो. "माझा हिच १७,००० चा आहे" हे एकदा डोक्यात बसलं, की माणूस वजनकाट्यावर जात नाही.

एक इशारा जाता जाता. रिसीव्हरला लांबी वाढवणारी नळी लावू नका. तिने क्षमता साधारण निम्मी होते.

पंचगंगाकाठ

मी कोल्हापूरकडचा, आता टेक्सासात. ट्रेलर मीही ओढतो, पण टंग वेट मला कोणी इंग्रजीत समजावून सांगायची गरज पडली नाही. आमच्या बाबांची उसाची बैलगाडी होती.

मोळ्या भरताना बाबा साट्याच्या मधोमध उभे राहून सांगायचे, एक मोळी पुढं सरकव, दोन मागं टाक. मग जू हाताने उचलून बघायचे. जू जड लागलं तर बैलांच्या मानंवर भार जास्त, बैल दमणार, मान सोलणार. जू हलकं लागलं तर त्याहून वाईट, गाडी उलाळ होणार. चढाला मागचा भार खाली बसला की जू वर, आणि जुवासकट बैलांच्या माना वर. एकदा आमच्या वस्तीच्या चढाला शेजारची गाडी उलाळ झालेली मी पाहिली आहे. शिवळा आणि जोत्यांत अडकलेले बैल पुढचे पाय टेकायला धडपडत होते. चार माणसं जुवाला लोंबकळली तेव्हा ते खाली आलं. म्हणून चढ लागला की बाबा पुढं सरकून पार जुवापाशी येऊन बसायचे.

ट्रेलरचं तेच आहे. त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर हवा. कमी पडला तर ट्रेलर उलाळ आहे, फक्त तो वर न उठता डावीउजवीकडे शेपूट मारायला लागतो. जास्त झाला तर पिकअपचं मागचं बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात, मग स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक दोन्ही कच्चे. कारखान्याकडं जाणारा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर चढाला तोंड उचलतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल.

डोंगरवाट, तुमचा ७,६०० चा ट्रेलर १२-१३ टक्क्यांनी धरा आणि पेलोडच्या आकड्याशेजारी लिहून बघा.

डोंगरवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी दार उघडून पाहिलं. स्टिकरवर १,४८० पौंड आहे.

हिशोब मांडला. आम्ही काही पूर्ण ७,६०० भरणार नाही, म्हणून ७,२०० धरले. साडेबारा टक्क्यांनी टंग वेट ९००. वेट डिस्ट्रिब्युशन हिचचं सामान ९०. आम्ही चौघं मिळून ४८०. मागच्या हौद्यात सायकली, लाकडं, बर्फाची पेटी मिळून १५०. रिसीव्हर ५०. बेरीज १,६७०.

म्हणजे १९० पौंडांनी जास्त. आणि माहितीपत्रक ९,२०० म्हणतंय! तीन वेळा बेरीज केली. मग तो आकडा येतो कुठून?

मैलाचादगड

तो आकडा खोटा नाही. तो एका ठरलेल्या चाचणीतून येतो. एसएई जे२८०७ असं तिचं नाव. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा द्यायची. २०११ च्या मॉडेलपासून टोयोटाने ही चाचणी आधी स्वीकारली, बाकीचे पुढच्या काही वर्षांत आले. त्यातली चढाची परीक्षा डेव्हिस डॅमपासून सुरू होते. अ‍रिझोनाच्या वाळवंटात ११.४ मैलांचा चढ, एसी चालू ठेवून, ठरलेल्या वेगाखाली न येता चढायचा.

पण त्या चाचणीत गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची, आणि ओढायचं जुजबी सामान. मुलं नाहीत, सायकली नाहीत. तुमच्या घरातली बाकीची माणसं आणि सामान जितकं चढेल तितका तो आकडा खाली येतो. कुटुंब घेऊन जाणाऱ्या अर्ध्या टनाच्या पिकअपचं एंजिन जवळजवळ कधीच आधी संपत नाही. पेलोड संपतो.

तुम्ही डेन्व्हरकडचे, म्हणून हवेचंही धरा. साध्या, टर्बो नसलेल्या एंजिनाची ताकद दर १,००० फुटांना साधारण ३ टक्के कमी होते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे तुमच्या एंजिनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेलेला असतो. आणि चढण्यापेक्षा पलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे उतरणं जास्त जपून करायचं. ७ टक्क्यांचा उतार आहे. वर बोगद्यातून बाहेर पडतानाच खालचा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही, मधूनमधून दाबून सोडायचा.

वाऱ्याचीवाट

पंचगंगाकाठ यांनी उलाळ म्हटलं, त्यावर माझं घडलेलं सांगते. त्या दिवसानंतर मी कोणालाही "चालतंय की" म्हणत नाही.

वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी सोडून रॉलिन्सकडे निघालो होतो. एल्क माउंटनचा तो पट्टा वाऱ्यासाठी प्रसिद्ध आहे, रस्त्याकडेला सूचनाफलक असतात. आमचा ट्रेलर २४ फुटी. निघण्याच्या आदल्या रात्री आम्ही पुढच्या कप्प्यातलं सगळं जड सामान मागे नेलं, कारण मुलांना पुढे झोपायला जागा हवी होती. मागच्या बंपरवर चार सायकली. सांडपाण्याची टाकी मागे होती आणि ती भरलेली. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा, ४० गॅलन म्हणजे ३३० पौंड. हे गणित तेव्हा मी केलं नव्हतं.

वेग ६५. एक लांब मालट्रक शेजारून गेला. आधी हवेने ट्रेलर बाहेर ढकलला, मग ट्रक पुढे गेल्यावर आत ओढला, आणि ट्रेलर परत सरळ आलाच नाही. आरशात डावीकडे ट्रेलरची पूर्ण बाजू दिसली, मग उजवीकडे. प्रत्येक वेळी जास्त. स्टेअरिंग हातात हलकं झालं, खाली काही जोडलेलंच नाही असं. नवऱ्याचा पाय ब्रेककडे गेला आणि मी ओरडले, "पाय काढ, फक्त पाय काढ!" त्याने अ‍ॅक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग सरळ धरलं, आणि मी डॅशबोर्डखालच्या ब्रेक कंट्रोलरची पट्टी बोटाने सरकवली. त्या पट्टीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कोणी दोरी ताणावी तसा ट्रेलर ओढला गेला आणि सरळ झाला. सगळं मिळून आठ-दहा सेकंद असतील. पुढच्या एक्झिटला उतरलो, मुलगी मागे रडत होती, माझा हात त्या पट्टीवरून निघत नव्हता.

आमचा रिसीव्हर क्लास फोर होता, अगदी नवा. तो जागचा हलला नाही. दोष वजन कुठे ठेवलं त्याचा होता.

त्यामुळे: ब्रेक कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताला सहज लागेल असा बसवा, आणि तो कुठे आहे हे शेजारी बसणाऱ्यालाही ठाऊक हवं. रिकाम्या मैदानात ती पट्टी सरकवून ट्रेलर कसा धरतो ते दोघांनीही एकदा करून बघा. शेपूट मारायला लागलं तर पिकअपचा ब्रेक दाबायचा नाही आणि वेगही वाढवायचा नाही.

पंचगंगाकाठ

ताई, वाचून काटा आला. सगळे सुखरूप आहात हे महत्त्वाचं. भरलेली टाकी मागं असली की काय होतं हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ढोलताशा_एनजे

थोडं वेगळं, पण याच धाग्यात बसेल. आमच्या पथकाचे ढोल, ताशे, ध्वज आणि स्टेजचं सामान न्यायला बंद ट्रेलर आहे. गणपतीच्या दिवसांत तो वेगवेगळ्या सदस्यांच्या गाड्यांना लागतो, आणि प्रत्येकाचा बॉल वेगळा.

गेल्या वर्षी एका पहाटे मी कपलर बॉलवर टेकवला, खटका बसला, पिन घातली, सगळं बरोबर दिसलं. सवयीप्रमाणे जॅक उलटा फिरवून पुढचं तोंड पुन्हा वर उचललं. कपलर बरोबर आला तर पिकअपचं मागचंही त्याच्यासोबत वर यायला हवं. पिकअप जागेवर राहिला आणि कपलर बॉलवरून अलगद सुटून वर आला. बॉल दोन इंची होता, कपलर दोन पूर्णांक पाच सोळांश इंची. खटका बसतो, पण पकड नसते. पहिल्या मोठ्या खड्ड्याला ट्रेलर सुटला असता.

बॉलच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं, कपलरवरही असतं. अंधारात दिसत नाही. आता आमच्या ट्रेलरच्या तोंडावर पांढऱ्या रंगाने माप मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि उचलून बघितल्याशिवाय कोणी गाडी हलवत नाही. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींवर फुलीसारख्या घ्या, म्हणजे तोंड सुटलंच तर रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडेल. ब्रेकअवेची तार (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) चेनच्या हुकात अडकवू नका, गाडीला वेगळी अडकवा.

लोखंडीखिळा

उचलून बघण्याची सवय लाखमोलाची आहे, प्रत्येकाने लावून घ्यावी.

डोंगरवाट, तुमचे १९० पौंड अजून कागदावर आहेत. ट्रेलर घ्याल तेव्हा ते काट्यावर तपासा. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतो, काही डॉलरांत पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर अशी तीन वजनं वेगवेगळी मिळतात. माझे आकडे देतो, म्हणजे रीत कळेल.

आधी फक्त पिकअप, माणसांसकट: पुढे ३,१८०, मागे २,७००. मग ट्रेलर जोडून, पण वेट डिस्ट्रिब्युशनचे दांडे न चढवता: पुढे २,८६०, मागे ३,९००, ट्रेलरची चाकं ५,९६०. पिकअपचं वजन ५,८८० वरून ६,७६० झालं. ही ८८० ची वाढ म्हणजे टंग वेट. ट्रेलर एकूण ६,८४०, म्हणजे जवळजवळ १३ टक्के. ठीक. पण पुढचा अ‍ॅक्सल पाहा, ३२० पौंड गेले. पंचगंगाकाठ म्हणतात ते तोंड उचलणं हेच.

मग दांडे चढवून: पुढे ३,०६०, मागे ३,५८०, ट्रेलर ६,०८०. एकूण तेच १२,७२०, पण पुढच्या चाकांना २०० परत मिळाले आणि १२० ट्रेलरच्या चाकांवर गेले. पुढचा भार किती परत आणायचा हे प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. पूर्ण परत आणायचाच असं नाही, तुमच्या गाडीचं वाचा. दांडे फार ताणले तर मागची चाकं हलकी पडतात आणि ओल्या रस्त्यावर मागचं सरकतं.

कोणी म्हणेल, दांड्यांनी भार वाटला म्हणजे पेलोड वाढला. नाही. वाटलं जातं, नाहीसं होत नाही. १९० पैकी शंभरेक ट्रेलरकडे जातील, बाकीचे तुमच्याच डोक्यावर.

डोंगरवाट

दोन आठवड्यांनी परत येतोय.

चासी आधी गॅरेजमध्ये उचलून दाखवली. डावी तुळई ठीक, उजवीकडच्या शेवटच्या भोकापाशी धातू किंचित चेपलेला होता, वेल्डिंग नव्हतं. त्यांनी मापं घेतली, कारखान्याच्या मर्यादेत आहे म्हणाले आणि तसं लिहून दिलं. मग क्लास फोर घेतला, दोन इंची, वेट डिस्ट्रिब्युशनने १०,००० आणि टंग वेट १,०००. बोल्ट मी आणि मोठ्या मुलाने मिळून आवळले. टॉर्क रेंचचा खटका वाजला की तो प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर पिवळ्या मार्करने रेघ ओढायचा. रेघ सरकलेली दिसली की बोल्ट सैल झाला, हे त्यालाच सुचलं.

२७ फुटी ट्रेलर सोडला. जड गेलं, कारण त्यात मुलांची वेगळी खोली होती आणि धाकटीने तिथे पडदा कुठला लावायचा ते ठरवून ठेवलं होतं. आता २२ फुटी घेतलाय, कमाल ६,०००. भरून ५,६०० धरला तर १३ टक्क्यांनी टंग वेट ७२८. हिच ९०, रिसीव्हर ५०, आम्ही ४८०. बेरीज १,३४८. सायकली आणि लाकडांना १३२ पौंड उरतात, म्हणून लाकडं घरून न्यायची नाहीत, कॅम्पग्राउंडवरच विकत घ्यायची.

परवा पहिल्यांदा काट्यावर नेला. टंग वेट ७६० निघालं, म्हणजे माझ्या अंदाजापेक्षा ३२ पौंड जास्त. पुढच्या कप्प्यातली दुसरी बॅटरी आणि सामानाची पेटी अ‍ॅक्सलजवळ आणली, उद्या पुन्हा वजन करणार आहे. वाऱ्याचीवाट, बायकोने काल चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये ती पट्टी पाच वेळा सरकवून बघितली.

एक विचारायचं राहिलं. दांडे कितव्या कडीत अडकवायचे हे ठरवताना पाण्याची टाकी भरलेली धरायची की रिकामी? आमची टाकी अ‍ॅक्सलच्या पुढे आहे.

लोखंडीखिळा

प्रवासात जशी असेल तशी. पुढे असलेली टाकी भरली की टंग वेट वाढतं, रिकामी झाली की घटतं. उद्या काट्यावर दोन्ही करून घ्या. आधी भरून, मग तिथून पाणी सोडायच्या ठिकाणी जाऊन रिकामी करून. दोन्ही पावत्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा.